दोन भोवरे

"हे चालणार नाही," चंपतराव म्हणाले आणि चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसू लागले.

चित्रावरची चादर शांतवनने नुकतीच ओढून खाली टाकली होती. कमिटीचे आम्ही सात जण आणि पाळकसाहेब अशी आठ माणसं चर्चच्या पुढच्या दोन बाकांवर बसलो होतो. १९७८ सालचा नोव्हेंबर होता. गड्डीगोदामच्या मागच्या आमच्या लहानशा चर्चला त्या नाताळात पन्नास वर्षं पूर्ण होणार होती आणि त्यानिमित्त व्यासपीठामागच्या कोऱ्या भिंतीवर एक मोठं चित्र लावायचं ठरलं होतं. चित्र काढणारा घरचाच होता, शांतवन डोंगरे. पैसे तो घेणार नव्हता, त्यामुळे ठराव एकमताने पास झाला होता.

मी कमिटीचा सेक्रेटरी. हे पद मला अकलेमुळे नव्हे, अक्षरामुळे मिळालं होतं.

चित्र असं होतं. सकाळची वेळ, मोठं सरोवर, लांबवर एक होडी. काठावर निखाऱ्यांवर मासे भाजत प्रभू बसलेला. मरणातून पुन्हा उठल्यानंतरचा प्रभू, रात्रभर दमलेल्या शिष्यांसाठी न्याहारी करणारा. अंगात साधा सदरा, खांद्यावर शेला, उकिडवा बसलेला आणि मान वर करून थेट आपल्याकडे पाहणारा. रंगाने तो आमच्यापैकी कुणाहीइतका काळा होता. तोंडावर निखाऱ्याचा उजेड होता आणि 'या, बसा' म्हणताना घरचा माणूस जसा दिसतो तसा तो दिसत होता.

"काहून गा शांतवन," चंपतरावांनी चष्मा परत चढवला, "हा कोण म्हणायचा?"

"प्रभू."

"हा? हा तर बुधवारी बाजारातला मासेवाला दिसते."

"मासेच भाजून राहिला ना तो, वडील," शांतवन म्हणाला.

कोणीतरी हसलं. चंपतराव हसले नाहीत. चर्चच्या मुख्य पंचाला आमच्याकडे 'वडील' म्हणतात; ते आमचे वडील आणि रेल्वेत गार्ड म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांनी हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय आमच्या चर्चमध्ये पान हलत नसे.

"रंग पाह्य त्याचा! घरोघरी प्रभूचं कॅलेंडर आहे. गोरा चेहरा, निळे डोळे. लहानपणापासून लोक तेच पाहून राहिले. उद्या एखादी म्हातारी विचारन, हा कोण बसवला गा देवळात, तर काय सांगू तिले?"

"ते कॅलेंडर जर्मनीत छापते, वडील. तिकडच्या माणसाचं तोंड आहे ते. प्रभूच्या गावात ऊन आपल्यासारखंच तापे म्हणते."

"तू आता आम्हाले शिकवशील?"

शांतवन खाली पडलेल्या चादरीची घडी घालू लागला. पाळकसाहेब तरुण होते, पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले. त्यांना चित्र आवडलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण पहिल्याच वर्षी चंपतरावांशी वाकडं घ्यायची त्यांची तयारी नव्हती. मग एकेकाला मत विचारलं गेलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "सगळ्यांचं जे मत, तेच माझं."

खरं म्हणजे मला चित्र आवडलं होतं. शिवाय त्या चेहऱ्यात काहीतरी ओळखीचं होतं. डावी भुवई मधेच तुटलेली होती, जुनी खोक असावी तशी. ही भुवई आपण कुठंतरी पाहिली आहे असं मला राहून राहून वाटत होतं, पण कुठं ते आठवेना. तेवढ्यात चंपतरावांनी ठराव सांगायला सुरुवात केली आणि मी लिहायला लागलो. 'चेहरा बदलून योग्य असा काढावा.' हे वाक्य माझ्या अक्षरात आहे. अक्षर फार सुरेख आलं आहे.

शांतवन आणि मी मिशनच्या बोर्डिंगात एका चटईवर झोपलेले. तो कुहीकडचा, बाप मिशनच्या बैलगाडीवर गाडीवान. मी पुढे टपाल कचेरीत चिकटलो आणि तो बर्डीवर सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवणाऱ्या कारखान्यात. तिथे पोरं कपडे, डोंगर, बंदुका रंगवत. चेहरे मात्र एकटा शांतवन. फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी फलकावर मोठ्या आखायच्या आणि एकेक चौकट भरत जायचं. असं करत त्याने नटनट्यांचे हजारो चेहरे काढले असतील. ब्रश हातात घेण्याआधी तो डोळे मिटून पुटपुटायचा. एकदा खलनायकाच्या मिशा रंगवण्याआधीही त्याने प्रार्थना केली, तेव्हा मी त्याची टर उडवली.

"त्याले काय दुसऱ्या कोणी बनवलं का?" तो म्हणाला. "अन् हा हात काही माझा नाही गा. वापरायले देल्ला आहे. परत मागन तेव्हा साफ देता आला पाहिजे."

रविवारी तो ब्रशला शिवत नसे. आणि दरवर्षी एकतीस डिसेंबरला, आमच्याकडे नव्या वर्षासाठी बायबलातलं एक वचन निवडतात ते, चर्चच्या दारावरच्या फळीवर रंगवून द्यायचा. जुनं वचन पांढऱ्या रंगाखाली गाडायचं आणि वर नवं लिहायचं. त्यासाठी एक ब्रश वेगळा ठेवलेला होता. हे काम त्याने १९५३ साली सुरू केलं. त्या साली त्याचा एकुलता एक मुलगा जयवंत मुदतीच्या तापाने पडला होता. आठ वर्षांचा पोरगा. शांतवनने देवाला शब्द दिला की पोरगा उठला तर जन्मभर तुझं वचन फुकट रंगवीन. पोरगा उठला नाही. त्याला माती देऊन महिनाही झाला नव्हता आणि एकतीस डिसेंबरला शांतवन शिडी घेऊन फळीपाशी हजर.

"आता कायले?" मी विचारलं होतं.

"म्या सौदा नवता केला, आनंदा. शब्द देल्ला होता."

त्याची बायको वच्छला तेव्हा शिडीखाली रंगाचा डबा धरून उभी होती. तिचं एक मागणं होतं आणि ते आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. जयवंतचा एकही फोटो नव्हता. फोटो काढू काढू म्हणता राहून गेलेला. हजारो चेहरे काढणाऱ्या नवऱ्याने आपल्या पोराचं एक चित्र काढून द्यावं एवढंच ती मागत होती, आणि तेवढंच त्याला जमत नव्हतं. समोर फोटो नाही, चौकटी नाहीत. हात चालायचाच नाही. चार-दोनदा तो बसलाही होता. नाक आलं तर डोळे यायचे नाहीत. मग कागद फाडून टाकायचा आणि दोन दिवस जेवायचा नाही. पुढे तिने मागायचं सोडून दिलं.

कमिटीचं पत्र द्यायला मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. चित्र हातठेल्यावर घालून त्याने घरी आणलं होतं. काढलं होतं ते चर्चच्या मागच्या खोलीत, रोज सकाळी कामावर जाण्याआधी दोन तास बसून. त्यामुळे वच्छलाने ते आदल्या संध्याकाळीच प्रथम पाहिलं होतं. आता ते अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि त्याच्यासमोर बसून ती तांदूळ निवडत होती.

"सलाम, वहिनी."

"या भाऊजी." तिने वर न पाहताच हसून म्हटलं. मी तिला हसताना कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. "पाह्यलं का आपल्या जयूले? तेहतीसचा झाला."

मी चित्राकडे पाहिलं. डावी भुवई. विहिरीच्या पायरीवर पडून फुटलेली, मीच त्याला सायकलवर घालून दवाखान्यात नेलं होतं. मी ओट्यावर बसलो.

"तुम्ही आठ जण होते म्हणे तिथी," ती म्हणाली, "एकालेही नाही ओळखू आला? असाच झाला असता तो. हनुवटी ह्यांची, डोळे माह्या बापाचे. काल ठेल्यावरून उतरवलं अन् मी तर बोंबच मारली. ह्यांनाच माहीत नाही. म्हणे, म्या तर प्रभू काढला, हात आपोआप गेला." ती उठली आणि पदराने चित्राच्या कोपऱ्यावरची धूळ पुसली. "फक्त भोवरे नाही दिसत ना समोरून. दोन भोवरे होते त्याच्या डोक्यात. शेजारच्या बाया म्हणत, दोन बायका करन हा पोट्टा. रोज तेल लावून मी चापूनचोपून भांग पाडो, तरी मागचे केस उभेच राहे."

पत्र माझ्या खिशात होतं. ते तिथेच ठेवून परत जावं, कमिटीला म्हणावं की हरवलं, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली आणि शांतवन आत आला. माझ्याकडे पाहून त्याने नुसता हात पुढे केला. मी पत्र दिलं. त्याने ते उभ्यानेच वाचलं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"काय ठीक आहे?" वच्छलाने विचारलं.

"चेहरा बदलतो."

"कोणाच्या म्हणण्यावरून? त्या चंपतरावाच्या? त्यायले गोरा पाहिजे म्हणून? दुसरं काढून द्या त्यायले. हे घरी राहू द्या."

"रंगाचं काही नाही वं. रंगासाठी मी भांडलो असतो." तो माझ्या शेजारी ओट्यावर बसला. बूट काढायला वाकला आणि तसाच वाकून राहिला. "पण तू बोलली अन् मले दिसलं. एक वर्ष झालं, मी म्हणून राहिलो, प्रभूचं काम करून राहिलो, प्रभूचं काम करून राहिलो. अन् त्याच्या जागेवर बसवलं कोणाले? आपल्या पोट्ट्याले. लोक त्याच्यासमोर गुडघे टेकतीन, आपलं दुःख सांगतीन. जयूले सांगतीन? हे चालन का, सांग आनंदा."

मला त्या क्षणी देवधर्म काही आठवत नव्हता. ते चित्र त्या बाईच्या अंगणात राहावं एवढंच वाटत होतं.

"मंग घरी ठेवा म्हणलं ना मी," वच्छला म्हणाली. तिचा आवाज आता हसरा नव्हता.

"प्रभू म्हणून काढला तो. घरी ठेवून जयू म्हणून पाहू? ते तर अजून वाईट." त्याने एक बूट काढून बाजूला ठेवला. "मले मोह होते वच्छला. मी सकाळपासून त्याच्याशीच बोलून राहिलो, प्रार्थना करायची सोडून."

सोमवारी त्याने मला बोलावलं. फ्रेम धरायला. घट्ट ताणलेलं मांजरपाट खरवडताना फ्रेम हलते आणि कापड फाटतं, म्हणून एक माणूस लागतो. मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेलो. एका हाताने तो टर्पेंटाइनची चिंधी फिरवत होता आणि दुसऱ्या हाताने पत्र्याच्या पातीने रंग उतरवत होता. आधी गळा गेला, मग हनुवटी, मग गाल. जवसाच्या तेलाचा वास सगळ्या अंगणात पसरला. वच्छला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

भुवईपाशी येऊन त्याचा हात थांबला. चिंधी कोरडी झाली, त्याने पुन्हा ओली केली, ती पुन्हा वाळली.

"राहू दे गा," मी म्हणालो. "मी सांगतो कमिटीला."

हे मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं, कमिटीसमोर. शांतवनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने डोळे मिटले, पुटपुटला आणि पात फिरवली.

"त्याले दुसऱ्यांदा मातीत घालून राहिले तुम्ही," वच्छला म्हणाली आणि आत निघून गेली.

त्यानंतर तिने चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही.

चित्र नाताळाच्या चार दिवस आधी भिंतीवर चढलं. सरोवर तेच, होडी तीच, निखारे तेच. प्रभू मात्र आता आमच्याकडे पाठ करून बसला होता. होडीकडे पाहत, शिष्यांची वाट बघत. रुंद पाठ, खांद्यावर शेला, मागून दिसणारं डोकं. चेहराच नाही म्हटल्यावर गोरा की काळा हा प्रश्नच मिटला. चंपतरावांनी दोनदा मान डोलावली.

"आता कसं साजरं दिसते," ते म्हणाले. "मागून केस जरासे विस्कटल्यासारखे वाटते, पण चालते. पाण्यावरचा वारा असन."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शांतवनला शाल दिली. मी कार्यवृत्तात लिहिलं: 'चित्र सर्वांस पसंत पडले.'

पुढची दोन वर्षं तो दर रविवारी एकटा यायचा आणि शेवटच्या बाकावर बसायचा. घरी नवरा-बायकोत बोलणं होतं, भाजी काय आणू आणि पाणी आलं का, इतपत. वच्छला वेळेवर डबा द्यायची, त्याचे रंगाने माखलेले कपडे रॉकेलमध्ये भिजवून धुवायची. पण चित्राचा विषय तिने काढला नाही आणि त्याने समजावलं नाही. एका रविवारी बाहेर सायकलचं कुलूप काढताना तो मला म्हणाला, "आनंदा, वच्छलाले म्हण, एकडाव येऊन पाह्य म्हणा. फक्त एकडाव."

"तूच सांग ना."

"माह्यानं होत नाही. म्या सांगतलं तर ते कबूल केल्यासारखं होते."

काय कबूल केल्यासारखं, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, खरवडल्याची माफी मागायची असेल. मी गेलो. "वहिनी, नवं चित्र एकदा पाहून तर या," म्हणालो. तिने म्हटलं, "पत्र तुम्हीच आणलं होतं ना भाऊजी?" आणि दार लावून घेतलं. मी दार पुन्हा वाजवायला हवं होतं. मी परत आलो, आणि मग नेहमीसारखं, जाऊ जाऊ म्हणता राहून गेलं.

१९८१ च्या फेब्रुवारीत, बर्डीवर एका फलकाचं काम करताना तो परांचीवरून खाली उतरला, पाणी मागितलं आणि भिंतीला टेकून बसला तो उठलाच नाही. हात मात्र त्याने उतरल्या उतरल्या धुतले होते. नखांत रंग नव्हता.

शवपेटी चर्चमध्ये आणली. वच्छला पेटीमागून आत आली, सव्वादोन वर्षांनी. बायकांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं. गीत सुरू झालं. मी बाजूला उभा होतो, आणि माझ्या लक्षात आलं की ती पेटीकडे पाहतच नाहीये. ती भिंतीकडे पाहत होती. तिच्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. मी वाकून ते उचललं आणि तिला द्यायला गेलो.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "हे असंच होतं? पहिल्यापासून?"

"हो वहिनी."

"मंग मले कोणी सांगतलं काहून नाही?"

मी मान वळवून पाहिलं. दोन वर्षं दर रविवारी मी त्या चित्रासमोर बसलो होतो. प्रभूच्या डोक्यावर मागच्या बाजूला केसांचे दोन भोवरे होते. एक उजवीकडे, एक जरा खाली डावीकडे, आणि दोघांच्या मधोमध चार-सहा केस उभे राहिलेले. चापूनचोपून न बसणारे. लहान ब्रशने, एकेक केस सुटा काढलेला. सगळं चर्च ते दोन वर्षं पाहत होतं आणि ज्या एका माणसाला ते ओळखू येणार होतं ती तेवढी घरी बसून होती. मी तिच्या मांडीवर पुस्तक ठेवलं आणि मला रडू आवरेना.

ती रडली नाही. गीत संपलं तेव्हा ती उठली, पेटीपाशी गेली आणि शांतवनचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन उभी राहिली. पाळकसाहेब प्रार्थना सुरू करायचे थांबले.

त्याला आता चार वर्षं झाली. चर्च झाडायचं काम वच्छलाने मागून घेतलं आहे. शनिवारी दुपारी मी उद्या म्हणायच्या गीतांच्या क्रमांकांचे लाकडी आकडे आतल्या फळीवर लावायला जातो तेव्हा ती तिथे असते. बाकं पुसून झाली की स्टूल ओढून घेते आणि मऊ धुतलेलं फडकं घेऊन चित्रापाशी चढते. तिचे गुडघे आता धड राहिले नाहीत, म्हणून मी हातातले आकडे खाली ठेवतो आणि स्टूल धरून उभा राहतो. ती आधी सरोवर पुसते, होडी पुसते. चित्रातल्या डोक्यापाशी आली की फडकं खांद्यावर टाकते आणि नुसता तळवा फिरवते. आधी एका भोवऱ्यावर, मग दुसऱ्यावर, मग खाली मानेपर्यंत.

गेल्या शनिवारी तिने ते मधले उभे केस तळव्याने दाबून पाहिले. दोनदा, तीनदा.

"ऐकतच नाही," ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावर हात टेकून खाली उतरली आणि फडकं धुवायला चर्चमागच्या विहिरीकडे गेली.